‘नको’ म्हणणाऱ्याचं ताट

मंडळी, टाळ थांबवा! आधी एक विचारतो. ‘नको’ म्हणणाऱ्याच्या पानात बळंच वाढणारा — तो सोयरा का वैरी? बोला! गप्प का? ऐका मग!

हिंदुराव वस्ताद. कुस्तीगीर घडवणारा गडी! आणि एका सकाळी पायाच्या अंगठ्यानं चीत! अंगठा लालबुंद, टम्म सुजलेला. पांघरुणाचं टोक लागलं तरी, “मेलो गं इंदे!” — हसू नका! गाऊट होतो त्यालाच कळतं!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वस्ताद, रक्तात युरिक ॲसिड वाढलंय. दारू बंद. काळीज, वजडी, सुकट बंद. बाटलीतली गोड पेयं बंद. पाणी भरपूर प्या, चाला, वजन हळूहळू उतरवा. आणि दुखणं थांबलं म्हणून गोळी सोडू नका!”

ऐकलं हो त्यानं! इंदूबाईनं भाकरी, भाजी, ताक वाढलं. यानं मुकाट्यानं खाल्लं. वर्षभर अंगठा गप्प!

मग सासुरवाडीची जत्रा आली. तिथं लेकीची, ऋतुजाची कुस्ती. बापानंच घडवलेली पोर! आदल्या दिवशी मेहुणा सर्जेराव ताट घेऊन पुढ्यात. वजडीचा रस्सा — शेजारी बाटली!

“नको सर्जेराव, पायाला बाधतं.”

“दाजी, एका दिवसानं काय होतंय? का आमचं अन्न गोड लागत नाही?”

मेला! भिडेखातर मेला वस्ताद! एक घोट, मग दुसरा, मग ताट चाटूनपुसून!

सकाळी पाय टेकेना. पोर दारात — “आबा, चला की!” हा खाटेवर, डोळ्यांत पाणी. “जा बाळा... घाई करू नको.”

हलगी कडाडली, आरोळी उठली — ऋतुजा जिंकली! अख्ख्या गावानं पाहिली — बापानं नाही!

इंदूबाई पेटली. “सर्जा, माझ्या नवऱ्याला जेवायला घातलंस का आडवं केलंस? हात जोडून नको म्हणत होते ते!” मग नवऱ्याकडं वळली — “आणि तुम्ही! पैलवान लोळवता, एक ताट बाजूला सारता आलं नाही?”

वस्तादानं मान खाली घातली. पुन्हा पथ्य, पुन्हा गोळी, रोजचं चालणं. पुढल्या जत्रेला आखाड्याच्या कडेला उभा होता — धडधाकट! त्या वर्षी पोर हरली. जिंकलेली कुस्ती कोण परत दाखवणार?

आता तुम्ही! माना काय डोलावता? डॉक्टरनं बजावलेला एक जण समोरच बसलाय — नाव घेऊ? देवापुढं वाकतोस ते ठीक, जिभेपुढं का वाकतोस रे?

म्हणा देवाचं नाव, आणि बसा पंगतीला. वाढप्यांनो! ‘नको’ ऐकलं, की पळी उचला — आणि पुढं सरका!