कमानीला सहा हात, पुलाला पाच

नाव बास्सू ऊहद्दू, वय ५३, धंदा सुतारकाम व लोहारकाम, शिवाय तिझगार नगर परिषदेचा निवडून आलेला सदस्य, राहणार वरची आळी. शाळेत गेलो नाही. वाचायला आणि नकाशा काढायला स्वतः शिकलो.

ठाण्यात हजर राहून सांगतो की, दवाखान्याचे दार, मशिदीतली जनाज्याची खाट (सहा वर्षांपूर्वी) आणि परिषदेच्या सभागृहातले अकरा जणांचे अक्रोडी टेबल मी माझ्या हाताने केले आहे. टेबल फुकट दिले होते. गुरुवारी ते सुटे करून घरी नेले, अशी अध्यक्षांची तक्रार आहे. नेले हे खरे आहे.

आमच्याकडे दवाखाना नदीपलीकडे आहे. पूर आला की जाता येत नाही. यंदाच्या शिलकीत एकच काम बसत होते: पूल, नाहीतर वेशीवर कमान. मंगळवारी दुपारच्या नमाजानंतर माझ्या कारखान्यात आम्ही सहा सदस्य जमलो व पुलाला मत द्यायचे ठरले. आमच्यातले शिक्षक झैद म्हणाले, कागद करून घ्या. मी नको म्हणालो. कुराणातली फातिहा वाचून शब्द दिल्यावर कागद मागणे म्हणजे माणसाला घरी बोलावून त्याचा अपमान करणे, असे माझे मत होते. सहाही जणांनी ओंजळी उघडून फातिहा वाचली. सर्वांत मोठ्याने लहसनने. लहसन माझा मेहुणा.

गुरुवारी सकाळी १० वाजून २० मिनिटांनी सभा सुरू झाली. पुलाचा माझा अंदाज दोन लाख साठ हजार दिरहम, कमानीचा चार लाख दहा हजार. अध्यक्ष हाजी तिहामी म्हणाले, "पूल वर्षातून वीस दिवस लागतो. कमान रोज दिसते. पैशाचं मोल कशात, तुम्हीच बोला."

मी म्हणालो, "माणसं त्या वीस दिवसांतच मरतात, हाजी."

"बास्सू, पूल इंजिनियर बांधतात. तू आपला पाट-स्टुलं कर."

काहीजण हसले. मग झैद यांनी इत्तोचे नाव काढले. मी काढले नव्हते. इत्तो, माझी धाकटी बहीण, लहसनची बायको, सहा वर्षांपूर्वीच्या पुरात कळा सुरू असताना अलीकडच्या काठावर दोन तास थांबली होती; तिथेच गेली. लहसन समोरचे कागद चाळत राहिला.

हात वर करून मतदान झाले. पुलाला पाच, कमानीला सहा. सहावा हात लहसनचा.

सभा उठल्यावर मी टेबलाचे बावीस स्क्रू काढले व ते वाटीत घालून अध्यक्षांच्या खुर्चीवर ठेवले. काही मोडले नाही. दुपारी दोनच्या सुमारास मी घरी टेबल उतरवत असताना लहसन दारात आला. "दादा, पाण्याच्या टाकीवरची माझी नोकरी हाजींच्या हातात आहे," म्हणाला. "टेबल परत ठेव. कमानीचं लोखंडकाम तुलाच देणार आहेत, चाळीस हजार दिरहमचं." मी काम नाकारले. त्याला चहा विचारला नाही.

जबाब मला वाचून दाखवला, नंतर मी स्वतः वाचला. दोन दुरुस्त्या वगळता बरोबर आहे. स्क्रू बावीस नव्हेत, चोवीस. आणि कमानीच्या कामाचे जे पैसे मी नाकारले, ते चाळीस हजार नव्हेत, अठ्ठेचाळीस हजार दिरहम.