व्हरांड्यात सापडलेली नदी

हसू नका, पण एक अख्खी नदी माझ्या हातून गेली आहे. सुमन, म्हणजे माझी बायको, भोपाळला एका कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेत भूगोल शिकवायची आणि मी सर्वेक्षणाच्या जहाजावर असायचो. समुद्रात आवाज सोडायचा आणि तळाखालच्या गाळाच्या थरांवरून परतणारा प्रतिध्वनी कागदावर उमटवायचा, हे माझं काम. एका सुट्टीत मी तो लांबलचक कागद क्वार्टरच्या व्हरांड्यात पसरला होता. सुमन चहा घेऊन आली आणि वाकून बघत म्हणाली, "अहो, ही तर नदी! मी फळ्यावर पात्र काढते ना, अगदी तस्संच."

हजारो वर्षांपूर्वी समुद्राची पातळी खाली होती तेव्हा तिथे जमीनच होती, त्यामुळे नदी असू शकत होती. पण मी म्हणालो, "छे, यंत्राचा दोष असेल." अहवालातही तेच लिहिलं.

काही वर्षांनी दुसऱ्यांनी नेमकी तिथेच गाळाखाली गाडली गेलेली नदी शोधली. ती बातमी छापलेलं मासिक मी सुमनपुढे धरलं. "तुझंच बरोबर होतं गं. उगाच तुला खोटं पाडलं."

"माझं जाऊ द्या हो," ती म्हणाली. "तुम्हालाही दिसली होती ना?"

दिसली होती. तिच्या आधी, जहाजावरच.

मी म्हणालो, "आता नक्की सांगता येत नाही."