तेराव्या चॅनेलवरचं भजन

या मंडळी, पुढे सरका! मागे खांबाला टेकलेल्यांनीही या. खांब देवळाचा आहे, तुम्ही उठलात म्हणून पडणार नाही! नंदूभाऊ, माईकचा आवाज जरा कमी करा. अजून थोडा. हं, पुरे.

देवाच्या पायांवर आणि तुमच्या कानांवर विश्वास ठेवून आज एकच प्रश्न विचारते. माणूस मोठ्याने बोलला, म्हणजे त्याचं बोलणं पोचतं का? बायांनो, तुम्ही सांगा. घरात सगळ्यांत मोठ्याने कोण बोलतं? आणि त्यांचं ऐकतं कोण? — हसताय! म्हणजे उत्तर ठाऊक आहे. तरी गोष्ट ऐका. ही पुराणातली नाही, आपल्या आडबंदरातलीच आहे.

गेल्या माघातला मंगळवार. बंदरावरच्या त्या निळ्या फळ्यांच्या दुकानात माझे वडील, हरिश्चंद्र जुवाटकर, तुमचा हरी मेकॅनिक, बशीत चहा ओतून बसलेले. पुढ्यात कुठल्याशा होडीचा वायरलेस उघडा. मी खांद्याला झोळी लावून शेजारच्या गावी कीर्तनाला निघालेली. रोजच्यासारखाच दिवस! ते म्हणाले, "मायेक कमी ठेव गो. आणि बटण सोडूक शीक."

हे त्यांचं नेहमीचं. वायरलेसवर बोलताना बटण दाबून धरावं लागतं ना? आणि जोवर दाबलंय, तोवर समोरच्याचं ऐकू येत नाही! बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं आणि अंगठा उचलायचा. माझी कीर्तनं ऐकून त्यांचं मत असं की ही बाई बटण सोडतच नाही!

मी दारात थबकले. एक गोष्ट बरीच वर्षं ओठांवर होती. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय सांगूचा होता?"

"काय नाय. इलंय की सांगतंय."

आले तेव्हा सांगायला ते नव्हते. पहाटे झोपेतच गेले. शांतपणे गेले, मंडळी. एकोणऐंशी वर्षं जगले आणि आदल्या रात्री जेवून, पान खाऊन झोपले. त्यात रडण्यासारखं काही नाही. मी रडले, ती वेगळी गोष्ट.

तर ती ओठांवरची गोष्ट. बावीस वर्षांमागे जाऊ या. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, दुकानात बाबांच्या हाताखाली काम शिकणारी.

एक दिवस दुकानात आले बाबल तांडेल. ते बघा, तिसऱ्या ओळीत, लाल टोपी! बाबलकाका, नमस्कार. तेव्हाही टोपी लालच होती. बोटीचा वायरलेस टेबलावर आपटला आणि गरजले, "हरी, ह्येची पावर वाढवून दी! माझा कोणाक ऐकाक येणा नाय!"

बाबल तांडेलांचा आवाज कोणाला ऐकू येत नाही! मंडळी, ते घरी जेवायला बसले की इथे देवळात कळतं, भाजी कसली आहे!

बाबा म्हणाले, "एरियलच्या सांध्यार मीठ बसला असतला. ता पूस. काठी हातभर उंच कर."

"ता नको! पावर वाढव. रत्नांग्रीपर्यंत आवाज जातलो!"

"जाऊ दे. थयलो माणूस उत्तर देतलो, ता तुका ऐकाक येतला काय?"

बाबलकाकांनी टोपी काढून डोकं खाजवलं! आयुष्यात पहिल्यांदा!

"तोंड मोठा करून देतंय रे," बाबा म्हणाले, "पण कान तेवढोच रवतलो!"

ऐकलंत? कान तेवढाच! आणि पुढे समजावलं. आत जो भाग आवाज बाहेर ढकलतो, तो ठरावीक ताकदीपुरता बनवलेला असतो. जास्त ढकलायला लावलं तर तापतो, जळतो. बॅटरी पितो. आवाज फाटतो. चौपट ताकद दिली म्हणून तो चौपट लांब जात नाही. मात्र फुटून शेजारच्या चॅनेलांत पसरतो आणि दुसऱ्यांच्या बोलण्यावर बसतो. म्हणून तर कायद्याने मर्यादा घातली आहे. "मर्यादा ही तुझ्यासाठी नाय, बाजूच्यासाठी आसा," असं म्हणून त्यांनी सेट परत केला.

चार दिवसांनी बाबा तालुक्याला गेले, आणि — बाबलकाका पुन्हा आले. आणि त्यानंतर तो सेट वाढवून मिळाला! कसा? सांगते. कीर्तनात घाई करू नये.

पुढच्याच आठवड्यात एकादशी. बाबलकाका बोटीवर. सकाळी जाळं टाकलं. हाताला काम नाही, पोटाला उपास. देवाचं नाव घ्यावंसं वाटलं. चांगलीच गोष्ट! पण मनात म्हणतील ते बाबलकाका कसले? तेराव्या चॅनेलवर बटण दाबलं आणि सगळ्या समुद्राला भजन ऐकवायला लागले! तबलजी, तुम्ही हसू नका, ठेका त्यांचा तुमच्याइतकाच पक्का होता. आणि भक्ती खरी होती हो, खोटी नव्हती. फक्त — अंगठा बटणावर होता!

दुकानातला सेट कायम चौदाव्या चॅनेलवर. बंदराचं चॅनेल ते. त्यावरही भजन! बाराव्यावर भजन, पंधराव्यावर भजन! मला तर हसू आवरेना. बाबांच्या कपाळाला आठी. "हो तेराव्यार गाता, मगे चौदाव्यार कसो इलो?"

भजन तासभर चाललं. मधूनच दुसऱ्या बोटीवरचं कुणीतरी ओरडायचं, "बाबल, गप रव!" त्यांना कुठे ऐकू जातंय? बटण दाबलेलं!

आणि मंडळी, ऐन गजरात — फट्! आवाज बंद. तिकडे बोटीवर सेटमधून धूर. बाबलकाकांना वाटलं, उदबत्तीचा वास येतोय!

सगळीकडे शांत. आणि त्या शांततेत चौदाव्यावर एक बारीक आवाज. विझत चाललेल्या बॅटरीचा. "...जनू बोलतंय... मशीन बंद पडला... खडकांकडे ओढतासा... कोण आसा काय?"

जनू आचरेकर! छोटी होडी, एकटा माणूस, हातातला लहानसा सेट. तासभर तो हाका मारत होता. त्याच्या प्रत्येक हाकेवर भजन बसलं होतं. देवाचं नाव होतं, मंडळी! पण ज्याला वाचवायला देव धावतो, त्याचीच हाक त्या नावाखाली दडपली होती.

बाबांनी बटण दाबलं. "जनू, हरी ऐकतंय. बोल. ओव्हर." आणि अंगठा उचलला. मी ते दोन शब्द विसरले नाही. हरी ऐकतंय.

जनूने जागा सांगितली. दोन बोटी धावल्या. होडी खडकावर फुटली, जनूमामांचा पाय चिरडला. पण माणूस हाती लागला! ते पाहा, काठी घेऊन पहिल्या ओळीत बसलेत. मामा, बरे आहात ना? — म्हणतात, "पाय वाकडो, पण तोंड सरळ आसा!" राहू दे, मामा, तेच बरं.

संध्याकाळी मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये गाव जमलं. प्रश्न एकच. सेट कुणी उघडला? बाबलकाका तोंड उघडणार, इतक्यात बाबा उभे राहिले. "सेट माझ्या दुकानात उघडलो. जबाबदारी माझी."

संपलं. दोन मोसम एकही सेट त्यांच्या टेबलावर आला नाही. लोक म्हणाले, हरीने जनूचा पाय घालवला. ज्या माणसाने वाढवून द्यायला नकार दिला, ज्याने हाक ऐकली, त्याच्या नावाला डाग!

डाग! काय शब्द आहे बघा. कपड्यावर पडतो तो डाग, नावाला लागतो तो डाग, आणि वायरीचा सांधा कथलाने झाळतात, त्यालाही मेकॅनिक डागच म्हणतात. त्याच दुपारी, शेडमध्ये गाव जमण्याआधी, जळका सेट दुकानात आला तेव्हा बाबांनी तो उघडला. भिंग लावून आतला नवा डाग बघितला. त्यांचे स्वतःचे डाग मोहरीएवढे असत. हा चांगला हरभऱ्याएवढा! त्यांनी माझ्याकडे बघितलं. झाकण लावलं. म्हणाले, "कथील जरा कमी घेवक व्हया."

एवढंच. त्यावर पुन्हा कधी शब्द नाही.

त्या दोन रिकाम्या मोसमांत आम्ही दोघं रेडिओवरची कीर्तनं ऐकायचो. ते डोळे मिटून, मी आख्यानं वहीत उतरवून घेत. आज मी तुमच्यासमोर उभी आहे ती त्या रिकाम्या टेबलामुळे. नंतर सेट परत आले, माणसंही आली, कुणी कुणाला काही विचारलं नाही. सुखात गेले दिवस. खोटं कशाला सांगू?

आता तुमच्याकडे वळते. सुटलात असं समजू नका! तुमच्या घरात कोण बारीक आवाजात हाक मारतंय? सुनेशी बोलताना बटण सोडता का? म्हाताऱ्या आईशी? देवळात येऊन घंटा बडवता, मागणी सांगता, नारळ फोडता, आणि देव काही बोलेल म्हणून क्षणभर थांबता का? लगेच चपला शोधायला! ताकद वाढवू नका, मंडळी. सांध्यावरचं मीठ पुसा. आणि अंगठा उचला.

मलाही उचलायचा आहे. इतकी वर्षं गावोगाव मोठमोठ्याने बोलत राहिले, त्याखाली एक बारीक गोष्ट दडपली. बाबलकाका, मान वर करा. "बापाशीक सांगू नको" म्हणालात, मी "गावाक सांगू नको" म्हणाले. तुम्ही शब्द पाळलात. गाऱ्हाणं माझं माझ्याशी आहे.

नंदूभाऊ, माईक बंद करा. पूर्ण बंद. पेटी थांबवा. एवढ्या आवाजात ऐकू येतंय ना सगळ्यांना? जनूमामा, तुम्हाला? बरं.

बाबा, त्या सेटमधला तो डाग माझा होता. तुम्ही दुकानात नव्हता तेव्हा मी तो उघडला, आणि शेडमध्ये तुम्ही उभे राहिलात तेव्हा मी बसून राहिले. तुम्हाला ठाऊक होतं. मला बोलायला हवं होतं.

ओव्हर.