श्वास रोखा, हलू नका

श्वास सोडला की मनात साठलेलं सगळं बाहेर पडतं, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी मला दोन महिने साफ फसवलं, यार! बाबा गेल्यापासून आई एकदाही रडली नव्हती. नुसती छाती जड झालीय म्हणायची. मी त्यांचे व्हिडिओ बघून श्वासाचे व्यायाम शिकले आणि रोज सकाळी तिला समोर बसवायला लागले.

"आई, लांब श्वास घे. आता सोड. अगं, पूर्ण सोड ना!"

"सोडतेय गो. तू ओरडतेस म्हणून अर्धा आतच राहतो."

शेवटी डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. मुलुंडच्या एका लॅबमध्ये आई आत गेली, मी दाराबाहेर थांबले. आतून टेक्निशियन दादांचा शांत आवाज आला, "मावशी, श्वास घ्या. आता रोखून धरा, हलू नका."

आणि आईला तो रोखता आलाच नाही. मी दार ढकलून बघते तर मशीनला छाती टेकवून ती हुंदके देत होती. बाबांना हाक मारायची तसं "अहो... अहो..." एवढंच म्हणत होती. दोन महिने मी सोड सोड म्हणून तिच्या मागे लागले होते, आणि या माणसाने नुसतं धरा म्हटलं! मी रडत रडत त्यांनाच थँक्यू म्हणत सुटले. बाहेर रांगेतले लोक कुरकुरायला लागले.

दादांनी स्क्रीनवर एक्स-रे बघितला. "मावशी, हललात तुम्ही, परत काढावा लागेल. पण आधी मनसोक्त रडून घ्या. मशीन गरम झालंय म्हणून सांगतो बाहेर."