बुधवारी सासू संपवायची

वय एकसष्ट, धंदा पूर्वी औषधाच्या दुकानात विक्रीकाम, सध्या घरीच. राहणार पोस्टामागची इमारत, दुसरा मजला, डावीकडचे दार. सोबत मुलगी व जावई. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

आज सकाळी सव्वानऊला मी याच टेबलासमोर जावयांविरुद्ध तक्रार दिली होती. ती मागे घ्यायची आहे, म्हणून हा दुसरा जबाब देत आहे. जावयांच्या नावावर काहीही राहू नये.

जावई व्हिडिओ काढण्याची कामे करतात. मी त्याला काम धरत नाही, आणि हे त्यांना ठाऊक आहे. सहा वर्षे आम्ही एका घरात राहतो, पण बोलणे मुलीमार्फत होते.

सोमवारी सकाळी त्यांची पँट धुवायला टाकताना खिशात कागद सापडला. त्यावर लिहिले होते, "सोमवार, डॉक्टर संपवायचा. मंगळवार, घरमालक. बुधवार, सासू, लाँड्रीच्या जिन्यात, अकराला. शाल एकच आहे, एका फटक्यात व्हायला हवं." बावीस वर्षे मी डॉक्टरांची अक्षरे वाचली आहेत, त्यामुळे वाचण्यात चूक नव्हती. माझी राखाडी शाल आठवडाभर सापडत नव्हती.

संध्याकाळी जावई घरी आले तेव्हा बाही लाल होती. फोनवर कोणाला तरी म्हणाले, "डॉक्टर संपला रे. फार ओरडला, पण दोन तासांत उरकला." माझी पाचावर धारण बसली. मंगळवारी आमच्या घरमालकांना चार वेळा फोन केला, त्यांनी उचलला नाही. मुलीला काही बोलले नाही. तिच्या संसारात मी माती कशी कालवू?

आज सकाळी जावई सहा वर्षांत प्रथमच आपणहून माझ्याशी बोलले. म्हणाले, "आई, अकराला जरा बंद लाँड्रीपर्यंत याल का?" मी चप्पल घातली ती थेट इथे आले.

साडेदहाला हवालदार व मी लाँड्रीवर गेलो. जिन्यात सात-आठ माणसे होती. गळा चिरलेला घरमालक पायरीवर बसून बिस्कीट खात होता. हवालदारांनी हात वर करायला सांगितल्यावर त्याने आधी बिस्कीट संपवले. रंग स्वस्तातला असल्याने कालपासून निघत नाही, असे तो म्हणाला. तो आमचा घरमालक नसून शाळेत चित्रकला शिकवतो. माझी शाल एका अनोळखी बाईच्या अंगावर होती.

जावयांनी सांगितले की ते सिनेमा काढत आहेत, सूड घेत फिरणाऱ्या खुन्याचा. मी नावे ठेवीन म्हणून घरी लपवले. "अहो, संपवायचा म्हणजे त्या नटाचं सगळं काम एका दिवसात उरकायचं. मारायचं नाही हो!" साप साप म्हणून मी भुई धोपटली होती. माझा जीव भांड्यात पडला. मी पायरीवर बसून आधी हसले, मग रडले. दोन्ही लिहावे.

हवालदारांनी विचारले, "मग सासू मरते की नाही?"

जावई म्हणाले, "नाही मरत. खुनी आजारी होता तेव्हा सगळ्या इमारतीनं तोंड फिरवलं. एकटी सासू रोज त्याच्या दाराशी गरम पाण्याचा थर्मास ठेवायची, एक शब्द न बोलता. तिच्यासमोर तो सुरा खाली टाकतो आणि रक्ताळलेल्या हातांनी तिची शाल धरतो. शाल एकच, म्हणून एका फटक्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ते तुमचंच आहे, आई. मला टायफॉइड झाला होता तेव्हा तुम्ही ठेवायचात ना. कधी बोलायला जमलं नाही, म्हणून आज बोलावलं."

जावई सज्जन आहेत. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. त्यांचीही माझ्याविरुद्ध नाही, असे ते हसून म्हणाले.

थर्मास मी ठेवत नव्हते. मुलगी पहाटे कामाला जाताना, ते झोपेत असताना, ठेवत होती. मला साथीची भीती वाटे, म्हणून मी त्या दिवसांत माझ्या खोलीचे दार लावून घेत असे. पोलिसांपुढे खोटे नको, म्हणून हे सांगते. जावयांना अजून सांगितलेले नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. शेवटचा परिच्छेद माझ्या विनंतीवरून हळू आवाजात वाचला, कारण जावई मला घरी न्यायला बाहेरच्या बाकावर बसले आहेत.