खाऱ्या पाण्यातली खुरपणी

आळेफाट्याच्या एसटीत जया मांडीवर पिशवी धरून बसली होती. पिशवीत समुद्री गवताची रोपं होती, पिंपळवंडीच्या स्नेहलच्या फिशटँकसाठी. पुढच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्यांचं तोंड मंचरपासून बंद नव्हतं.

"अंबाबाई, सून माझ्याशी बोलंना."

"काय केलंस, साळू?"

"खुरपणी! घरात काचेची पेटी हाय. खारं पाणी, बुडाला वाळू, अन् त्यात हे हरळीवानी गवत माजलेलं. बघवतंय व्हय आपल्याला?"

"नाय बाई."

"बाह्या वर केल्या अन् मुळासकट उपटलं. शेवाळाचा झुपका बी काढला. शेळीनं लई आवडीनं खाल्लं. तवापास्नं हॉलच्या दारातनं हलंना ती."

"मग स्नेहल चिडली कशापायी?"

"म्हणं, ते मुद्दाम लावलं व्हतं! सा महिने जपलं व्हतं! वावर मोकळं पडलंय अन् ही बया पाण्यात गवत लावती!"

जयानं पिशवी पोटाशी ओढली, तशी साळुबाई वळली.

"पोरी, पिशवीत काय गं?"

"मेथी, आजी."

"आण इकडं. पिंपळवंडी येईस्तोवर निवडून देते."