साहेबांसाठी कापलेला कोंबडा

माझं माहेर मिठबावचं, समुद्रावरचं. मासे खाऊन वाढलेली मी, लग्न होऊन मालवणच्या आतल्या अंगाला भातशेतीच्या गावात आले, आणि काय सांगू तुम्हाला, सासूने दुसऱ्याच दिवशी कोंबड्यांचं खुराडं माझ्यावर सोपवलं. तेव्हापासून कोंबड्या आणि मी. बाजाराला न्यायच्या त्या पाय बांधून, चार-चार उलट्या लटकवून. सगळेच नेतात, मीही नेल्या. एकदा वाटेतच एक मेली, आणि बाजारापर्यंत तिची मान माझ्या गुडघ्यावर आपटत राहिली, ते मनातून जाईना. पुढच्या बाजारापासून टोपली घेतली. शेजारची पार्वतीकाकी म्हणाली, काय गो, कोंब्यांची पालखी खंय चालली? म्हटलं, चालली देवळाक, तू अबदागिरी धर.

नवरा गोव्यात हॉटेलात कामाला, महिन्यातून एकदा घरी. तारकर्लीला पाहुणे ठेवणारे बाबलभाऊ आहेत, ते म्हणाले, वहिनी, दर आठवड्याक दहा गावठी कोंबे घेतंय, पण साफ करून होये आणि कागद होयो. कागद म्हणजे अन्न खात्याची नोंदणी. ती झाली तर नवरा कायमचा घरी येणार होता, म्हणून अर्ज केला.

साहेब पाहणीला येणार कळलं, आणि दारी माणूस आला की आपल्याकडे वडे-सागोती करतात, तशी मी केली. सकाळी कोंबडा कापला, वडे तळले, पान वाढलं. साहेबांनी विचारलं, हा कुठे कापलात? मी अभिमानाने दाखवलं, तो काय, फणसाखाली. तिथे रक्त, पिसं, आणि दोन कोंबड्या तेच टोचतायत. साहेब पान सारून उठले. म्हणाले, बाई, जेवलो तर लाच होईल, आणि पाहिलं ते लिहिलं तर अर्ज जाईल. पाहणी अपुरी राहिली, एवढंच लिहिलं आणि पंधरा दिवसांनी येतो म्हणाले. मी रडत बसले. पार्वतीकाकीने मात्र वडे संपवले. वाया कित्या घालवतंस, म्हणे.

नवरा रजा काढून आला. मागच्या पडवीला फरशी घातली, नळ घेतला, सांडपाण्याला आणि पिसांना वेगवेगळे खड्डे खणले. पत्र्याचं मोठं नरसाळं करून भिंतीला ठोकलं. कोंबडा त्यात उलटा सोडला की मान खालून बाहेर येते, त्याला फडफडता येत नाही, तो शांत होतो, मग धारदार सुरी, एकदाच. एकाचं दुसऱ्याला दिसू नये म्हणून मध्ये दार.

साहेब आले. नरसाळ्यात हात घालून कुठे धार लागते का ते पाहिलं. मी पाणी दिलं, नुसतं पाणी, इतकी मी घाबरलेली. तेच म्हणाले, गूळ नाही का हो?

कागद आला, नवराही आला. आता शुक्रवारी बर्फाच्या डब्यातून माल तोच तारकर्लीला नेतो. सुरीला धार कमी असली तर मी कोंबडा हातात देत नाही. तो म्हणतो, गोव्याचो मालक बरो होतो गो. म्हणतो, पण जात नाही. खायला वाढवलेला जीव, त्याला म्हातारपण आम्ही देऊ शकत नाही, पण शेवटी भीती देऊ नये, एवढं आपल्या हातात आहे. तुमचीही माणसं तुमच्या घरी राहोत, आणि खुराड्यात मुंगूस न शिरो.